‘आझाद व्हिसा’, ‘कफील’ आणि ‘हुरूब’

प्रश्न असा आहे: आखाती देशांतल्या नोकऱ्यांबद्दल वाचताना ‘फ्री व्हिसा’ किंवा ‘आझाद व्हिसा’ हा शब्द भेटतो. तो फुकट मिळतो का? मराठीत त्याला ‘मुक्त व्हिसा’ म्हणावं का? आणि ‘कफील’ म्हणजे ‘प्रायोजक’ का?

फुकट तर मुळीच नाही. बरेचदा नेहमीच्या नोकरीच्या व्हिसापेक्षा तो महागच पडतो. सौदी, कुवेत, कतार, कुठल्याच देशाच्या कायद्यात या नावाचा व्हिसा नाही. नाव दलालांनी पाडलेलं आहे. कागदावर तो साधाच कामाचा व्हिसा असतो, त्यावर मालकाचं नाव आणि हुद्दाही असतो. फक्त त्या मालकाकडे काम नसतं. तो दुकान किंवा कंत्राटी कंपनी दाखवून गरजेपेक्षा जास्त माणसांचे परवाने काढतो आणि वरचे विकून टाकतो. मग तिथला दलाल, मुंबईतला एजंट, गावातला पोटएजंट असं करत खेड-महाडकडच्या एखाद्या पोराच्या हातात तो कागद पडतो, तोवर मधल्या प्रत्येकाचा वाटा त्यात चढलेला असतो. (आपल्याकडे नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेण्याची मुभा आहे. पोटएजंटाला ती मर्यादा ठाऊक नसते असं नाही.)

‘आझाद’ म्हणायचं ते एवढ्याचसाठी की तिथे उतरल्यावर काम तुमचं तुम्ही शोधायचं. पण सौदी कामगार कायद्याचं ३९वं कलम दुसऱ्याकडे काम करायला मनाई करतं. म्हणजे हा माणूस पहिल्या दिवसापासून बेकायदा, आणि कागद जिवंत ठेवण्यासाठी त्याच कफीलला, म्हणजे कागदावरच्या मालकाला, ठरावीक रक्कम पोचवायची. नाही पोचवली, तर कफील ‘कामगार पळून गेला’ अशी नोंद करू शकतो. तिला अरबीत ‘हुरूब’ म्हणतात. आपली माणसं ‘हुरूब लागला’ असं म्हणतात, साडेसाती लागावी तसं. ‘फरार’ हा प्रतिशब्द मी टाळेन. मराठीत फरार होतो तो गुन्हा करून. इथे अनेकदा पगार थकलाय म्हणून माणूस निघून गेलेला असतो. असा कागद तुटलेला कामगार अमिरातीत ‘खल्लीवल्ली’. अरबीत त्याचा अर्थ साधारण ‘जाऊ दे, मरू दे’. तिथले हिंदी, बंगाली, मल्याळी कामगार हा शब्द स्वतःसाठीच वापरतात.

आता कफील. ‘प्रायोजक’ म्हटलं की मला क्रिकेटच्या सामन्यातली जाहिरात दिसते. अरबी ‘कफाला’ म्हणजे हमी घेणं. अनाथ मुलाचा सांभाळ करण्यालाही हाच शब्द आहे. आपल्याकडे याच अर्थाचा अरबी शब्द पूर्वीच येऊन बसलाय, तो म्हणजे ‘जामीन’. ‘मी त्याला जामीन राहतो’ हे वाक्य कफीलचं काम बरोबर सांगतं. तेव्हा एकदा कंसात ‘जामीन राहणारा मालक’ असं लिहावं आणि पुढे सरळ ‘कफील’ ठेवावा. ‘इकामा’चंही तसंच: आपला ‘मुक्काम’ त्याच धातूतला, म्हणून ‘मुक्कामाचा परवाना’ म्हटलं की कुणालाही कळेल. कुवेतमध्ये या धंद्याला व्हिसांचा नव्हे, इकाम्यांचा व्यापार म्हणतात, आणि ते जास्त नेमकं आहे. विकला जातो तो तिथे राहण्याचा हक्क. व्हिसा फक्त दारातून आत घेतो. बांगलादेशचे तेव्हाचे खासदार मोहम्मद शाहिद इस्लाम यांना २०२० मध्ये कुवेतमध्ये अटक झाली ती अशाच प्रकरणात. जानेवारी २०२१ मध्ये त्यांना लाचखोरीबद्दल ४ वर्षांची शिक्षा झाली.

एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा. नेपाळमधली बातमी मराठीत आणताना ‘फ्री व्हिसा’ दिसला तर थांबा. तिथे २०१५ पासून ‘फ्री व्हिसा, फ्री तिकीट’ असं सरकारी धोरण आहे: मलेशिया आणि आखातातल्या ६ देशांत जाणाऱ्यांच्या व्हिसाचा आणि विमानाचा खर्च मालकाने करायचा. तिथला ‘फ्री’ खरोखर ‘मोफत’ या अर्थाचा. (प्रत्यक्षात कामगारांकडून पैसे उकळले जातातच, तो वेगळा विषय.) एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ असल्याने संदर्भ न पाहता भाषांतर केलं तर बातमीच उलटी होते.

‘मुक्त’ हे विशेषण वापरायचंच असेल तर ते बहरीनच्या फ्लेक्सी परमिटला शोभलं असतं. २०१७ मध्ये सुरू झालेल्या त्या परवान्यावर कामगार कफीलविना, स्वतःच्या नावाने राहू शकत होता. २०२२ मध्ये ती योजना गुंडाळली गेली. दलालाच्या मालाला मात्र ‘मुक्त’ म्हणू नये. अवतरणात ‘आझाद व्हिसा’ लिहावं आणि पहिल्या उल्लेखाला ‘नावापुरत्या मालकाचा विकत घेतलेला व्हिसा’ अशी फोड द्यावी. लांब आहे, मथळ्यात बसणार नाही, पण मजकुरात चालेल.