ट्यूब ॲम्प्लिफायरमधील चरचर नवी प्रीॲम्प ट्यूब घालूनही जात नसेल, तर दोष कसा शोधावा?

ट्यूबांचा पूर्ण संच मागवू नका, निदान आत्ता तरी नको. तुम्ही लिहिले आहे की तुमचा १५ वॅटचा ट्यूब कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) या पावसाळ्यापासून गिटार न लावताही चरचर करतो, मधूनच 'फट्' असा आवाज काढतो, त्यामागे एक हलकी घुंई सतत चालू असते, आणि इनपुटजवळची पहिली १२एएक्स७ (गिटारचा क्षीण संकेत प्रथम वाढवणाऱ्या प्रीॲम्प भागातली लहान ट्यूब) नवी घालूनही काही फरक पडला नाही. त्यातला शेवटचा तपशील सर्वांत महत्त्वाचा आहे. नव्या ट्यूबनेही आवाज तसाच राहिला, याचा अर्थ दोष बहुधा त्या ट्यूबमध्ये नव्हताच. उरलेल्या ट्यूबा बदलून तो जाईल, याचीही खात्री नाही. मी कोल्हापुरात ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो. 'ट्यूब खराब आहे' असे सांगून माझ्याकडे आणलेल्या ॲम्पमध्ये ट्यूब निर्दोष आणि तिच्या भोवतालचे काहीतरी बिघडलेले, असे अनेकदा आढळते.

प्रथम चरचर आणि घुंई यांना वेगळे करा, कारण त्यांची कारणे सहसा वेगळी असतात. घुंई कुठून येते हे वादकाला कानाने बऱ्यापैकी ओळखता येते. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. रेक्टिफायरनंतरच्या, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या भागानंतरच्या, आणि तो डीसी सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये दोष असेल तर घुंई १०० हर्ट्झची येते. म्हणजे गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावर जो 'जी' वाजतो (९८ हर्ट्झ), त्याहून किंचित चढी, आणि तिला थोडी खरबरीत धार असते. घुंई त्याच्या एक सप्तक खाली, मऊ आणि गोल असेल तर ती ५० हर्ट्झची. तिचा उगम ट्यूबच्या हीटरमध्ये (तिला तापवणाऱ्या तारेत), अर्थिंगमध्ये किंवा जवळच्या एखाद्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शोधावा. ट्यूबमधल्या हीटरपासून कॅथोडकडे (हीटरने तापणाऱ्या भागाकडे) गळती सुरू झाली तरी हीच घुंई येते, आणि तेवढ्या बाबतीत मात्र ट्यूब बदलणे हाच उपाय असतो.

तुमची सरावाची खोली उद्यमनगरात आहे, हेही विसरून चालणार नाही. शेजारी वेल्डिंग, लेथ आणि मोठ्या मोटारी चालू असताना त्याच लाइनवरून ॲम्पमध्ये काहीबाही येणारच. कारखाने बंद असताना, म्हणजे रात्री किंवा साप्ताहिक सुटीच्या दिवशी, ॲम्प लावून पाहा आणि शक्य असेल तर एकदा घरी नेऊनही लावा. आवाज तिथेही तसाच असेल तर कारण ॲम्पच्या आत आहे. त्याच वेळी सॉकेटची अर्थिंग तपासून घ्या. जुन्या इमारतींत तीन पिनांचे सॉकेट बसवलेले असते, पण तिसऱ्या पिनला वायरच जोडलेली नसते. मल्टिमीटरवर फेज आणि अर्थ यांच्यामध्ये जवळपास फेज-न्यूट्रलइतकेच व्होल्टेज दिसले पाहिजे, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यामध्ये अगदी थोडे. घुंई घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. आत बिघाड झाला तर २३० व्होल्ट थेट तुमच्या गिटारच्या तारांवर येऊ शकतात.

आता चरचर. गिटारची केबल काढा, ॲम्प गरम होऊ द्या आणि व्हॉल्यूमचे बटण शून्यावर न्या. चरचर त्यासोबत मंदावून थांबली, तर तिचा उगम व्हॉल्यूमच्या आधी आहे, म्हणजे बहुतेक ॲम्पमध्ये पहिल्या ट्यूबच्या पहिल्या अर्ध्या भागात (एका १२एएक्स७मध्ये वर्धनाचे दोन स्वतंत्र भाग असतात) किंवा इनपुट जॅकमध्ये. बटण फिरवूनही काही फरक पडला नाही, तर उगम त्याच्या पुढे आहे: फेज इन्व्हर्टर (पॉवर ट्यूबांना एकमेकांच्या उलट दोन संकेत देणारा टप्पा), स्पीकर चालवणाऱ्या पॉवर ट्यूबा किंवा पॉवर सप्लाय. रिव्हर्बचे (घुमाऱ्याचे) बटण असेल तर तेही वेगळे फिरवून पाहा. आवाज त्याच्या तालावर कमीजास्त होत असेल, तर रिव्हर्बची परतीची ट्यूब आणि स्प्रिंगची पेटी यांच्याकडे वळावे लागेल.

इथे एक छोटी पण फसवी गोष्ट आहे. केबल काढलेली असताना इनपुट जॅकमधली एक पट्टी इनपुटला ग्राउंडशी जोडून ठेवते. ती पट्टी काळवंडली असेल तर केबल काढूनही इनपुट उघडाच राहतो आणि आवाजाचा आळ पहिल्या ट्यूबवर येतो. म्हणून गिटार केबलच्या एका सुट्या प्लगमध्ये टोक आणि बाही (बाहेरची धातूची नळी) यांना सोल्डरने जोडून तो इनपुटमध्ये घालावा आणि मगच पुढची तपासणी करावी.

त्यानंतर ट्यूबा एकेक करून काढायच्या. इनपुट जॅकच्या सर्वांत जवळची ती पहिली, आणि पॉवर ट्यूबांच्या शेजारची लहान ट्यूब ती फेज इन्व्हर्टर, असा क्रम बहुतेक ॲम्पमध्ये असतो. दर वेळी ॲम्प बंद करा, ट्यूब निवू द्या, मग ती सरळ वर ओढून काढा आणि ॲम्प पुन्हा चालू करा. चालू ॲम्पमधून ट्यूब उपटणारे लोक आहेत, पण स्पीकरला बसणारा धक्का आणि भाजलेली बोटे यांखेरीज त्यातून काही मिळत नाही. पॉवर ट्यूबांना हात लावू नका आणि स्पीकर जोडलेलाच असू द्या, कारण स्पीकरशिवाय ट्यूब ॲम्प चालवल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. काही ॲम्पमध्ये प्रीॲम्प ट्यूबांचे हीटर एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. तिथे एक ट्यूब काढली की बाकीच्याही विझतात आणि ही पद्धत निरुपयोगी ठरते. तुमच्या ॲम्पचा आराखडा मिळत असेल तर आधी तो पाहून घ्या.

पहिली ट्यूब काढली आणि चरचर थांबली नाही, तर पहिला टप्पा सुटला. मग दुसरी काढा, मग तिसरी. ज्या ट्यूबला काढताच शांतता होते, तो टप्पा संशयित. उसाला पाणी देताना पाटाच्या मुखाशीच माती कालवली गेली तर शेवटच्या सरीपर्यंत गढूळच पाणी पोचते, तसे पहिल्या टप्प्यातला बारीकसा आवाज पुढचे सगळे टप्पे वाढवत नेतात. म्हणून शोधाची सुरुवात तिथूनच करायची.

इथवरची पद्धत पुष्कळांना ठाऊक असते. घोटाळा होतो तो निष्कर्ष काढताना. ट्यूब काढल्यावर आवाज थांबला म्हणून ट्यूबच दोषी, असे समजले जाते. पण ट्यूब काढताच त्या टप्प्यातला विद्युतप्रवाहही थांबतो, हे लक्षात घेतले जात नाही. प्रवाह थांबला की प्लेट रेझिस्टर (ट्यूबच्या प्लेट या टोकाला वीज पोचवणारा) शांत होतो, सॉकेटचे सैल संपर्क शांत होतात, कॅथोडकडचे घटकही शांत होतात. म्हणजे या चाचणीने जागा कळते, गुन्हेगार कळत नाही. गुन्हेगार कळण्यासाठी त्याच जागी खात्रीची चांगली ट्यूब घालून पाहावी लागते. तुमच्या ॲम्पमध्ये दोन १२एएक्स७ असतील तर त्यांची आपापसांत अदलाबदल केली तरी पुरते: चरचर ट्यूबसोबत दुसऱ्या जागी गेली तर ट्यूब खराब, आणि जागेवरच राहिली तर ट्यूब निर्दोष. तुम्ही पहिली ट्यूब बदलली आणि आवाज राहिला, म्हणजे ही चाचणी अर्धी करूनच झाली आहे. आता फक्त ती पहिली ट्यूब काढल्यावर चरचर थांबते का, एवढे पाहा. थांबत असेल तर माझा संशय दोन ठिकाणी आहे.

एक म्हणजे सॉकेट. तुमचा त्रास पावसाळ्यात सुरू झाला, त्यामुळे हा संशय बळावतो. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात बंद खोलीतल्या धातूवर दमट हवेचा थर बसतच असतो आणि वापरात नसलेला ॲम्प तर कधी गरमही होत नाही. ॲम्प बंद करून, प्लग काढून, ट्यूबच्या नऊ पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सॉकेटच्या छिद्रांत कॉन्टॅक्ट क्लीनर अगदी थोडा मारा आणि ट्यूब सात-आठ वेळा आतबाहेर करा. मग क्लीनर पूर्ण वाळल्याशिवाय ॲम्प चालू करू नका. ट्यूब घालताना ती सैल जात असेल तर सॉकेटमधल्या पकडी बारीक सुईने आवळाव्या लागतात, आणि हे काम प्लग काढलेला असताना, आतल्या कपॅसिटरमधला साठा उतरवल्यानंतरच करायचे. अशा ॲम्पमधले फिल्टर कपॅसिटर ३०० ते ४५० व्होल्ट धरून ठेवतात आणि प्लग काढल्यावरही तो साठा काही काळ टिकू शकतो. याची सवय नसेल तर चासी (ॲम्पचा आतला धातूचा सांगाडा) उघडू नका. बाहेरून पिना पुसण्यापलीकडचे काम दुरुस्ती करणाऱ्यावर सोपवा. छापील बोर्डावर बसवलेल्या सॉकेटचा सोल्डरही ट्यूबच्या उष्णतेने आणि ओढाताणीने तडकतो, आणि तो दोष कितीही पुसले तरी जात नाही.

दुसरा संशयित म्हणजे प्लेट रेझिस्टर. १२एएक्स७च्या प्रत्येक अर्ध्या भागाला साधारणपणे १०० किलोओहमचा एक रेझिस्टर असतो. तो १ आणि ६ क्रमांकाच्या पिनांना जोडलेला असतो आणि त्यातून सुमारे १ मिलिॲम्पिअर प्रवाह वाहतो, म्हणजे त्याच्यावर १०० व्होल्टच्या आसपास दाब सतत असतो. जुन्या किंवा जुन्या पद्धतीच्या ॲम्पमध्ये हा रेझिस्टर कार्बन कॉम्पोझिशनचा असतो. दाब आणि उष्णता सोसून तो आतून चरचरू लागतो, आणि ते ऐकायला हुबेहूब खराब ट्यूबसारखे असते. मल्टिमीटर इथे उपयोगी पडत नाही, कारण मीटर अगदी थोड्या व्होल्टवर मोजतो आणि १०० किलोओहम दाखवून मोकळा होतो. ॲम्प सुरू केल्यावर शांत असणे आणि पंधरा-वीस मिनिटांनी चरचर सुरू होणे, हे या दोषाचे बऱ्यापैकी भरवशाचे लक्षण आहे. त्या जागी १ वॅटचा मेटल फिल्म रेझिस्टर बसवला की प्रश्न मिटतो. तो काही रुपयांना मिळतो, उलट तुम्ही मागवायला निघालेला ट्यूबांचा संच हजारांत जातो. जुना आवाज जपायचा म्हणून कार्बनचाच हवा असा आग्रह धरणारे वादक आहेत. मला तो आग्रह पटत नाही, निदान पहिल्या टप्प्यात तरी.

तिसरी एक शक्यता नोंदवून ठेवतो, ती म्हणजे कपलिंग कपॅसिटरची (एका टप्प्याचा संकेत पुढे नेऊन डीसी अडवणाऱ्याची) गळती. व्हॉल्यूमचे बटण फिरवताना खरखर होत असेल आणि पॉट (बटणामागचा बदलता रेझिस्टर) साफ करूनही ती जात नसेल, तर मागचा कपॅसिटर डीसी व्होल्टेज पॉटवर सोडत असण्याची दाट शक्यता असते. फटफट असा मोटारसायकलच्या लयीतला आवाज मात्र पॉवर सप्लायमधल्या, टप्प्यांचा वीजपुरवठा एकमेकांपासून अलग ठेवणाऱ्या डीकपलिंग कपॅसिटरकडे बोट दाखवतो.

ट्यूब खरोखरच दोषी असते ती मुख्यतः दोन प्रकारांत. एक म्हणजे ती मायक्रोफोनिक होणे, म्हणजे आतली जाळी सैल होऊन ट्यूबने प्रत्येक हादरा आवाजात बदलणे. चालू ॲम्पमध्ये लाकडी पेन्सिलच्या टोकाने, बाहेरून, ट्यूबवर हलकेच टिचकी मारा. पहिल्या ट्यूबवर थोडा 'टण्' येणे स्वाभाविक आहे, कारण तिच्यापुढे सगळी वाढ व्हायची असते. तो टणत्कार लांबत जाऊन शिटी होत असेल तर ट्यूब बदला. कॉम्बोमध्ये स्पीकर आणि ट्यूबा एकाच पेटीत असल्यामुळे हा त्रास अधिक जाणवतो. दुसरा प्रकार म्हणजे काचेच्या आतला चंदेरी डाग दुधाळ पांढरा होणे. तशी ट्यूब हवा शिरून संपलेली असते. काचेला बोट लागले म्हणून ट्यूब खराब होते, हा समज हॅलोजन दिव्यांवरून आला आहे. प्रीॲम्प ट्यूबला त्याने काही होत नाही.

सतत येणारी मंद 'सूं' मात्र पूर्ण जाणार नाही. १२एएक्स७चा वर्धनांक (संकेत किती पट वाढवू शकते तो आकडा) १०० आहे, आणि इतके वाढवणाऱ्या टप्प्यातून थोडी सूं येणारच. ती असह्य असेल तर पहिल्या जागी ५७५१ घालून पाहता येते. तिचा वर्धनांक सुमारे ७०, पिनांची रचना तीच, सूं थोडी कमी आणि ओव्हरड्राइव्हही थोडा उशिरा. आणि अखेरीस ट्यूब घ्यावीच लागली तर एकच घ्या, पहिल्या जागेसाठी कमी आवाजाची म्हणून निवडलेली. तुम्ही काढून ठेवलेली जुनी ट्यूब टाकू नका. अदलाबदलीत ती निर्दोष ठरली तर तीच तुमची खात्रीची ट्यूब, आणि थोडी मायक्रोफोनिक निघाली तरी फेज इन्व्हर्टरच्या जागी १२एएक्स७च असेल, तर तिथे ती बहुधा बिनतक्रार चालेल.