आधी मान बघ, मग चेहरा

लाकडी ठशाच्या चित्रात भाव शोधायचा तर चेहऱ्यापासून सुरुवात करू नकोस. कोरलेल्या जाड रेषेत डोळा म्हणजे दोन-चार रेघा, तिथे फार हाती लागत नाही. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयातलं १४२३ सालचं संत ख्रिस्तोफरचं चित्र घे. हा आख्यायिकेतला, लोकांना नदीपार नेणारा संत. खांद्यावर बाळ येशू, पायाशी नदी आणि त्या धिप्पाड माणसाची वर वळलेली मान. एवढंसं पोर इतकं जड कसं, हा सगळा अचंबा त्या मानेत आहे. मी दर वेळी तिथेच थबकतो.

मग हातातली काठी बघ, तिला झावळ्या आहेत. आख्यायिकेत कोरड्या काठीला पालवी फुटते, तीच ही खूण. उजवीकडे कंदील धरलेला तपस्वी. डावीकडे मात्र पाणचक्की आणि गाढव घेऊन चाललेला माणूस, त्याला या चमत्काराचा पत्ताच नाही. पण प्रत्येक गोष्टीला गूढ अर्थ चिकटवू नकोस. बिळातल्या सशाला मी ससाच म्हणतो.

खालचा लॅटिन मजकूर जरूर वाच. ज्या दिवशी ख्रिस्तोफरचं मुख पाहाल, त्या दिवशी वाईट मरण येणार नाही, असं तो सांगतो. म्हणजे लोक या चित्राचं दर्शन घेत होते.