इलेक्ट्रॉन मिळतात, मग 'क्षपण' का?

मुलाचा अकरावीचा रसायनशास्त्राचा अभ्यास घेताना सोलापूरच्या साखर पेठेतल्या एका ताईंना पडलेला प्रश्न असा: "इलेक्ट्रॉन मिळाले की त्याला क्षपण म्हणतात. पण क्षपण म्हणजे तर झीज. मिळण्याला झीज कसं म्हणायचं? आणि क्षपणकाचं, म्हणजे क्षपण घडवणाऱ्या पदार्थाचं, स्वतःचं मात्र ऑक्सिडीकरण होतं, हे काय?"

ताई, शब्द बरोबर आहे. घट होते ती ऑक्सिडीकरण अंकाची, म्हणजे अणूवर किती धन किंवा ऋण भार धरायचा ते सांगणाऱ्या आकड्याची. इलेक्ट्रॉन ऋण असतो, म्हणून तो आला की अंक खाली उतरतो. पोटॅशियम परमँगनेट घ्या: एक पोटॅशियम, एक मँगनीज, चार ऑक्सिजन. पोटॅशियमचा अंक +१, चार ऑक्सिजनचे मिळून −८, आणि सगळ्यांची बेरीज शून्य व्हायला हवी. म्हणजे मँगनीज +७. आम्लात अभिक्रिया झाली की तोच मँगनीज +२ वर येतो. पाच इलेक्ट्रॉन मिळाले, अंक पाचाने घटला. मुलाला 'मिळाले की गेले' हे पाठ करायला लावू नका. आधीचा आणि नंतरचा अंक चिन्हासकट शेजारी लिहायला सांगा. उतरला तर क्षपण, चढला तर ऑक्सिडीकरण.

इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीपासून ही कल्पना होती. इंग्रजी 'रिडक्शन'च्या मुळाशी लॅटिनमधला 'परत नेणे' हा अर्थ आहे: धातुकातून धातू परत मिळवायचा. त्यात वजनही घटतं. १६० ग्रॅम फेरिक ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतला की ११२ ग्रॅम लोखंड उरतं. मराठी शब्दात 'परत' नाही, 'घट' आहे, आणि मला तो जास्त नेमका वाटतो, कारण वजनाचा हिशोब मागे पडून अंकाचा आला तरी शब्द बदलावा लागला नाही.

आता शब्दाचं घराणं. संस्कृतात 'क्षि' म्हणजे झिजणं. त्यावरून 'क्षय', म्हणजे आपोआप होणारी झीज. 'क्षपयति' हे त्याचं प्रयोजक रूप: झिजवतो. त्यातून आलेलं 'क्षपण' म्हणजे झिजवणं, कमी करणं. आपलं 'खपणे' व्युत्पत्तिकार याच कुळात घालतात. चादरी खपल्या, दिवसभर खपलो, म्हातारा खपला, या तिन्हींत काहीतरी सरतं. 'क्षपणक' हा शब्दही जुना. विक्रमादित्याच्या नवरत्नांच्या यादीत धन्वंतरीच्या लगेच पुढे क्षपणक येतो. संस्कृतात हा शब्द जैन साधूसाठी वापरत. जैन परंपरेत कर्मांच्या क्षपणाची कल्पना मध्यवर्ती आहे, आणि आपल्या जिल्ह्यातल्या जैन घरांत हा शब्द रसायनशास्त्राच्या पुस्तकाआधीच कानावर पडलेला असू शकतो.

शेवटचा 'क' कर्त्याचा. पाचक स्वतः पचत नाही, पचवतो. तसा क्षपणक दुसऱ्याचं क्षपण घडवतो. त्यासाठी लागणारे इलेक्ट्रॉन त्याला पदरचे द्यावे लागतात, म्हणून त्याचा अंक चढतो.

हे सोलापुरात रंगखात्यात बघावं. सुताला व्हॅट जातीचा पक्का रंग (नीळ, म्हणजे इंडिगो, त्यातलीच) देताना कॉस्टिक सोड्याबरोबर 'हायड्रो' टाकतात. हायड्रो म्हणजे सोडियम डायथायोनाइट: दोन सोडियम, दोन गंधक, चार ऑक्सिजन. +२ आणि −८, म्हणून दोन गंधकांचे मिळून +६, एकाचा +३. काम झाल्यावर त्याचं सल्फाइट होतं, त्यात गंधक +४. म्हणजे प्रत्येक गंधकाने एक इलेक्ट्रॉन दिला. निळीच्या रेणूत ऑक्सिजनला दुहेरी बंधाने जोडलेले दोन कार्बन असतात, त्यांचा अंक +२ वरून +१ वर येतो. दोन दिले, दोन घेतले, हिशोब चोख जुळतो. पाण्यात न विरघळणारी नीळ क्षपण झाल्यावर कॉस्टिकच्या पाण्यात विरघळते आणि सुतात शिरते. (टॉवेल पांढरे करायला वापरतात त्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मात्र ऑक्सिजन −१ असतो, −२ नाही. मुलाला हे आवर्जून सांगा, इथे हमखास चूक होते.)

मला खटकतं ते 'ऑक्सिडीकरण'. 'करण' म्हणजे कुणीतरी करणं, आपोआप होतं ते 'भवन'. हायड्रोच्या पाण्यातून काढलेली लड हिरवट पिवळी दिसते. ती नुसती वाऱ्यावर धरली की हवेतल्या ऑक्सिजनने डोळ्यांदेखत निळी होते. तिथे मी 'ऑक्सिडीभवन' म्हणेन. परीक्षेत मात्र मुलाला 'ऑक्सिडीकरण'च लिहू द्या, त्याच्या पुस्तकात तेच आहे.