खजूर-बदामाचे गोळे वळताना फुटतात, काय चुकतंय? आणि साखर घातलेली नाही, तर मधुमेह असलेल्या माणसाला बिनधास्त द्यायला हरकत नाही ना?

फुटतात कारण खजूर कोरडा आहे. बोटाने दाबल्यावर दबणारा, मऊ खजूर घ्या. कोरडाच असेल तर दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा आणि फडक्याने नीट टिपून घ्या, नाहीतर गोळ्यांना लवकर बुरशी येते.

मी लिहायला बसले ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी. हरकत आहे. मोठी हरकत आहे.

माझ्या सासऱ्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या वर्षी मी असेच गोळे केले. पाव किलो बिया काढलेला खजूर, दीडशे ग्रॅम बदाम-अक्रोड, चिमूटभर मीठ. बरोबर वीस झाले. नणंदेने डबा उचलून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "बाबा, साखरेचा कणही नाही, सगळं नैसर्गिक आहे, पोटभर खा." मी म्हटलं, "ताई, एकच द्या." तर म्हणे, "तुला प्रत्येक गोष्टीत खोडा घालायचा असतो." संध्याकाळपर्यंत बाबांनी सहा खाल्ले. किती वर्षांनी त्यांना असं मनासारखं गोड मिळालं होतं! एकेक गोळा जिभेवर घोळवत, बोटाला लागलेलं चाटत खात होते. त्यांना मी कधीच बोल लावणार नाही. रात्री घशाला कोरड, सारखं लघवीला उठणं. ग्लुकोमीटरवर ३१२. आणि सकाळी घरात चर्चा काय, तर सुनेने केलेले गोळे बाधले.

त्याच रात्री मी वहीत हिशोब मांडला होता. खजुराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग निव्वळ साखर असते. पाव किलोत झाली सुमारे १६० ग्रॅम. वीस गोळ्यांत वाटली तर प्रत्येकात ८ ग्रॅम, म्हणजे दोन छोटे चमचे. सहा गोळ्यांत बारा चमचे. तेवढी साखर मी चहात घालून बाबांना दिली असती, तर ताईंनीच माझ्या हातातून कप काढून घेतला असता. मधाचंही वेगळं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनांत मधातली साखर आणि वरून घातलेली साखर एकाच गटात मोजली आहे. खजुरातल्या तंतूंमुळे आणि बदामातल्या तेलामुळे साखर जरा सावकाश चढते, हे मला मान्य आहे. पण चढते.

वळण्याबद्दल आणखी एक. बदाम आधी वेगळे, मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. सलग फिरवलेत तर तेल सुटतं आणि मग गोळा हातात तेलकट होऊन निसटतो. खजूर नंतर घाला. वळून झाल्यावर अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. मध घालणार असाल तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला तो गोळा चाटवूसुद्धा नका.

तुमच्या घरच्या माणसाला किती चालेल ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, औषधाच्या गोळ्या चालू आहेत की इन्सुलिन, यावर ते ठरतं. आमच्या बाबांना विचारून अर्धा मिळतो, जेवणानंतर. आता मी गोळे सुपारीएवढेच वळते, म्हणजे त्यांच्या वाटीत एक अख्खा पडतो.