कोरियन भुताचा सिनेमा आणि आपल्या घरातली रंगाची बोलणी

ब्रॅम्प्टनच्या ताई, पत्र लांबलचक आहे तुमचं, पण माझा जीव एकाच ठिकाणी अडकला. तुम्ही लिहिलंय, "तेरा वर्षांची लेक 'हँडसम गाइज' हा कोरियन पिक्चर बघून म्हणते, आई यात सगळे कोरियनच, ब्राऊन कुणीच नाही, ही कसली डायव्हर्सिटी? मी म्हटलं, कोरियाचा पिक्चर आहे, कोरियनच असणार, गप जेव."

अहो गप का जेवायचं तिने? प्रश्न खरा आहे पोरीचा. कोरियात आज 25 लाखांच्या वर परदेशी लोक राहतात, कारखान्यात, शेतावर नेपाळी, व्हिएतनामी माणसं राबतात, पण तिथल्या पडद्यावर ती फारशी दिसत नाहीत. आपल्या दिल्लीचा अनुपम त्रिपाठी 2021 मध्ये 'स्क्विड गेम'मध्ये अली नावाचा पाकिस्तानी कामगार झाला, तेव्हा कुठे असा एक चेहरा जगाच्या लक्षात राहिला. तेव्हा तिला आधी सांगा की बाळा, बरोबर बोललीस.

आणि मग तोच पिक्चर तिच्याबरोबर बसून बघा. 2024 चा आहे, पण मूळ 2010 चा 'टकर अँड डेल व्हर्सेस ईव्हिल', तुमच्याच कॅनडात अल्बर्टामध्ये शूट झालेला. त्यात कॉलेजची पोरं जंगलातल्या गावंढळ माणसांना घाबरतात. कोरियन सिनेमाने तो सगळा भार चेहऱ्यावर टाकलाय. जे-पिल आणि सांग-गु हे दोघे मित्र साधेसुधे, मनाने हळवे, डोंगरात स्वप्नातलं घर घेतात, पण दिसायला असे राकट की लोक बघूनच दचकतात. बुडणाऱ्या मी-नाला ते वाचवतात आणि तिच्याबरोबरची पोरं धरून चालतात की हिला पळवली. खरं सैतानी भूत त्या घराच्या तळघरात जागं होतंय आणि सगळे घाबरतायत दोन भल्या माणसांना! ज्या देशात नोकरीच्या फॉर्मवर उंची, वजन, रूप विचारू नका असा कायदा 2019 मध्ये करावा लागला, तिथला हा विनोद आहे, तो उगाच नाही सुचलेला. सगळे एकाच वंशाचे असले तरी कुणाकडे संशयाने बघायचं हे तिथेही ठरलेलंच असतं, आणि हे तुमच्या लेकीला तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल.

कारण तुमच्याच पत्रात पुढे आहे, "तशी ती जरा सावळी आहे, म्हणून तिला जास्त लागत असेल." ताई, रागवू नका, पण हे 'तशी जरा' घरातून आधी काढा. आपण सगळे इथे आलो तेव्हा दुकानात, ऑफिसात आपल्याकडे कसं बघितलं गेलं ते आठवतं ना? मग तीच नजर घरात कशाला? आमच्याकडे सासूबाई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर "काळवंडलीस गं" म्हणायच्या, प्रेमानेच म्हणायच्या, पण हळूहळू माझी लेक कॅमेऱ्यासमोर यायचीच बंद झाली. मी त्यांना सरळ सांगितलं की आई, रंगाचं नको, बाकी काहीही विचारा. चार दिवस फुगल्या, मग स्वतःच शाळेचं, नाटकाचं विचारायला लागल्या आणि आता नातीचे फोन तासभर चालतात. जाऊबाईंनी मुलीच्या बायोडेटात 'गोरी' लिहिलं होतं, तेही मी खोडायला लावलं आणि त्यावरून आमचं चांगलंच वाजलं.

तर सिनेमा संपल्यावर लेक्चर देऊ नका. एवढंच विचारा, तुला ते दोघे कधी वाईट वाटले आणि का वाटले? मग तुझ्याकडे असं कोण बघतं, हे विचारा. त्यात घरातलं कुणाचं नाव निघालं, तुमचं निघालं तरी, मध्ये न बोलता ऐका.

मराठी शाळेला दांडी मारते म्हणता, मारू दे थोडे दिवस, आजीशी बोलते ना मराठीत? सासऱ्यांच्या व्हिसाचं वकिलालाच विचारा. आणि धाकटा तेव्हापासून बेसमेंटमध्ये जात नाही म्हणता, तर त्याला हा पिक्चर परत दाखवू नका, रक्त बरंच आहे त्यात, आणि जिन्यातला दिवा रात्रभर चालू ठेवा.