नातवाला जवळ घेऊ की नको?

मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णाच्या घरचे भेटायला आले की हा प्रश्न हमखास येतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) या काकूंनी काकांना कितीतरी दिवस मागच्या खोलीत ठेवलं होतं. जेवणाचं ताट दाराशी, नातवाला आत मज्जाव. काका वैतागलेले. "मॅडम, रिपोर्ट बघा. पांढऱ्या पेशी नॉर्मल आहेत. मग ही शिक्षा कशाला?"

रिपोर्ट खराच होता, पण अपुरा. काकांना बायस्पेसिफिक अँटिबॉडीची इंजेक्शनं सुरू होती. हे औषध एका बाजूने आपल्याच टी-पेशीला (शरीराचं रक्षण करणारी पांढरी पेशी) धरतं, दुसऱ्या बाजूने कॅन्सरच्या पेशीवरच्या बीसीएमए या प्रथिनाला, आणि दोघींना समोरासमोर आणतं. अडचण अशी की बीसीएमए निरोगी प्लाझ्मा पेशींवरही असतं आणि जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं त्याच पेशी तयार करतात. कॅन्सरबरोबर त्याही मारल्या जातात. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीत, हे दिसत नाही; आयजीजी या मुख्य प्रतिपिंडाची वेगळी तपासणी लागते. काकांचं आयजीजी डेसिलिटरमागे 400 मिलिग्रॅमच्याही खाली होतं, म्हणून डॉक्टर शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, देत होते. काकांना वाटायचं, ते ताकदीचं सलाइन आहे! असं समजणारे बरेच असतात.

बोलता बोलता दोन गोष्टी कळल्या आणि मला नातवापेक्षा त्यांची जास्त काळजी वाटली. असायक्लोव्हिर आणि कोट्रायमोक्साझोल या गोळ्या "कॅन्सरच्या नाहीत ना" म्हणून काकांनी परस्पर बंद केल्या होत्या. आणि मध्यंतरी ताप आला, तेव्हा पॅरासिटामॉल घेऊन झोपून गेले होते.

मी काकूंना म्हटलं, "दार लावून तुम्ही बाहेरचे जंतू थोडेफार अडवाल. पण कांजिण्या होऊन गेल्या की तो विषाणू नसांमध्ये वर्षानुवर्षं दडून राहतो. प्रतिकारशक्ती कमी झाली की नागीण होऊन तोच बाहेर येतो. त्याला थोपवायला असायक्लोव्हिर आहे. दुसरी गोळी न्युमोसिस्टिस नावाच्या बुरशीच्या न्यूमोनियासाठी."

तापाबद्दल मात्र मी जरा कडक बोलले. थर्मामीटरवर 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त दिसलं की रात्री दोन वाजतासुद्धा फोन करायचा. आधी पॅरासिटामॉल घेऊन ताप उतरवायचा नाही. सकाळपर्यंत थांबायचं नाही. ताप औषधाच्या प्रतिक्रियेचा आहे की संसर्गाचा, हे घरी कुणालाच ठरवता येत नाही, आणि यात काही तासांचा उशीरही जिवावर बेतू शकतो.

डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

"आणि नातू?" काकूंनी परत विचारलंच. सर्दी-खोकला, ताप, जुलाब यातलं काही नसेल तर हात धुऊन खुशाल जवळ बसू दे, म्हटलं. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्या, पण इंजेक्शनचीच. नाकात फवारतात ती जिवंत विषाणूची असते. काकांना स्वतःला जिवंत विषाणूची कुठलीच लस चालणार नाही, बाकीच्या कधी घ्यायच्या ते डॉक्टरच सांगतील.