वन्सं दरवेळी चटणी मागून नेतात, मग तीच भाऊबीजेला दिली तर?

पत्र आलंय सांगलीतनंच, थोडं लहान करून देतीय.

"मावशी, आमचे मिस्टर कुपवाड एमआयडीसीत आहेत. ऑगस्टपासून ओव्हरटाइम बंद आणि महिन्यातले काही दिवस ब्रेक देतात. भाऊबीजेला दोघी नणंदा येतात, थोरली विट्याहून, धाकटी पुण्याहून. दरवर्षी दोघींना साडी, पोरांना कपडे असतात. यंदा सगळं मिळून 2,500 रुपये आहेत. थोरलीची 2 पोरं, धाकटीला 3 महिन्यांचं बाळ. मी म्हणलं घरीच काहीतरी करून देऊ, तर सासूबाई म्हणाल्या लेकी माहेरी येणार आणि चिवड्याच्या पुड्या देऊन पाठवणार का, लोक काय म्हणतील. मोठ्या जाऊबाई ड्रायफ्रूटचे बॉक्स वाटतात. बचत गटातून 5,000 उचलू का? वन्सं येतात तेव्हा माझी कांदा-लसूण चटणी तेवढी मागून नेतात, पण ती काय भेट म्हणून द्यायची वस्तू आहे का?"

अगं, आधी ते बचत गटाचं डोक्यातनं काढ. गटाची उचल दवाखान्याला, शाळेच्या फीला, साड्यांना नाही. महिना 2 टक्के धरलं तरी 5,000 ला 100 रुपये नुसतं व्याज, आणि पुढं ब्रेकचे दिवस वाढले तर हप्ता कोण भरणार, तूच ना, भाजीतनं काटून काटून.

आता तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य. ते मी तीनदा वाचलं. बाई, अख्ख्या पत्राचं उत्तर तूच देऊन बसलीयस आणि परत मला विचारतीयस! वन्सं मागून नेतात म्हणतीस. मागून. साडी कधी मागितली का त्यांनी? मागच्या 6 वर्षांत तू दिलेली साडी नेसून धाकटी एकदा तरी दारात आलीय का, आठवून बघ, कारण आपल्या सगळ्यांच्याच कपाटात देण्याघेण्याच्या साड्यांचा एक गठ्ठा असतो जो या घरातनं त्या घरात फिरत असतो, घडी न मोडता. चटणी मात्र संपते आणि मग फोन येतो, वहिनी बरणीभर ठेव हं.

फक्त ती देताना नेहमीसारखी दुधाच्या पिशवीत रबर लावून देऊ नकोस एवढंच. आधी बघ बरणीत किती उरलीय. मेमध्ये डंकावर कुटून आणलेली असणार, आता दिवाळीला नवी करायच्या भानगडीत पडू नकोस, चांगली मिरची उन्हाळ्यातच येते आणि कांदा-खोबरं वाळवायला ऊनही तसलं लागतं. पाव पाव किलो निघाली तरी पुरे. काचेच्या बाटल्या घरातल्याच घे, लोणच्याच्या, कॉफीच्या, पण झाकणं दोन दिवस उन्हात टाक, नाहीतर चटणीला कैरीचा वास मारतो. बाटली खडखडीत कोरडी पाहिजे, चटणी चमच्यानं दाबून दाबून भर, वर हिंगाचा खडा. आणि तुझ्या हातानं चिठ्ठी लिही, कुठल्या महिन्यात कुटली, पिठल्याला किती घालायची, अख्खा मसूर करायचा तर किती. पुण्यातल्या पोरींना ते प्रमाणच हवं असतं गं, त्यांची चटणी आपल्याच बरणीतली असते पण आमटी आपल्यासारखी होत नाही.

जोडीला भडंग कर. सांगलीच्या माणसानं भडंग द्यायला लाजायचं म्हणजे कमालच झाली. यात मी एकदा चांगली तोंडावर आपटलीय म्हणून जरा सविस्तर सांगते. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला मी उत्साहात 2 किलोचं भडंग केलं आणि एसटी गाठायची म्हणून गरम गरमच पिशव्यांत भरलं. आतल्या आत वाफ धरली आणि तिसऱ्या दिवशी जावेच्या घरी डबा उघडला तर सगळं मऊ, दीर म्हणाले वहिनी हा उपमा आहे का? अजून चिडवतात. तर चुरमुरे भडंगाचेच घे, ते जाडे, आणि उन्हात टाक किंवा मंद गॅसवर परत, बोटांत दाबल्यावर चुरा झाला पाहिजे, नुसता चेपला तर अजून वेळ आहे. अर्ध्या किलोला 25-30 पाकळ्या लसूण, सालासकट ठेचून, तेलात चांगला लाल होईपर्यंत. शेंगदाणे. कढीपत्ता आदल्या रात्रीच धुऊन फडक्यावर पसर, ओला पडला की तेलही उडतं आणि भडंगही सादळतं. मग गॅस बंद कर आणि त्यानंतरच हळद, तिखट, मीठ, मेतकूट, चिमूटभर पिठीसाखर, कारण चालू गॅसवर तिखट घातलं की जळतं आणि अख्खं घर खोकत बसतं. सगळं ताटांत पसरून रात्रभर गार होऊ दे, सकाळी भर.

धाकटीच्या बाळाचं काम सासूबाईंना दे. हो, सासूबाईंनाच. त्यांना म्हण आई, तुमची एखादी जुनी मऊ सुती साडी काढा, बाळाला आजीच्या लुगड्याचं दुपटं शिवूया. जरीकाठाची नको, जर टोचते. गरम पाण्यात धुऊन दोन पदर एकावर एक ठेवायचे, कडा आत दुमडायच्या आणि धावदोरा घालत जायचं, गाठी सगळ्या दोन पदरांच्या मधे लपवायच्या म्हणजे बाळाच्या अंगाला लागत नाहीत. वाकळ शिवलेल्या बाईला दुपटं म्हणजे चार दुपारचं काम, आणि एकदा सुई हातात आली की लोक काय म्हणतील हे तोंडातनं यायचंच नाही, उलट तुझा टाका केवढा मोठा पडतो तेच ऐकायला लागेल, ते ऐकून घे.

थोरलीच्या पोरांना कपडे नकोतच. तुमच्या अंगणात किंवा टेरेसवर माती-विटा जमवून ठेव, किल्ला त्यांना करू दे, आणि आठवडाभर आधी एका ट्रेमध्ये अळीव पेरून ठेव म्हणजे ती आली की हिरवळ तयार. मावळे 2-4 विकत आण. विट्याच्या पोरांना शर्ट मिळतातच की, मामाबरोबर चिखलात बसायला कुठं मिळतं?

मामा म्हणलं तर आता खरं सांगते, मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं ते हेच, बहिणी त्यांच्या, भाऊबीज त्यांची आणि झोप उडालीय तुझी. मिस्टरांना सांग, चार दिवस आधी दोघींना फोन करायचा आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचं, ताई यंदा कामाचं असं असं झालंय, साडी नाही, पण तुम्ही या. एवढंच, रडगाणं नको, पुढच्या वर्षी डबल देतो असली आश्वासनं पण नकोत. भाऊ सांगतो तेव्हा बहिणी समजून घेतात, वहिनीनं सांगितलं की तेच वाक्य वेगळं ऐकू जातं, हे काय मी तुला सांगायला पाहिजे का. आणि फोन न करता नुसती बरणी पुढं केलीस तर सासूबाईंचंच म्हणणं खरं होईल, चटणीत खोट नसली तरी.

ताटात ओवाळणी 501-501 टाकू दे. राहिले 1,500 च्या आसपास, त्यात चुरमुरे, तेल, शेंगदाणे, मावळे हे सगळं बसतं, किराणा मात्र गणपती पेठेत जाऊन घे, कोपऱ्यावरच्या दुकानात नको. उरले तर पाव किलो हळकुंडं आणून दळून पुण्याला दे. 2018 ला आपल्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, चिठ्ठीवर ऐटीत लिही, सांगलीची हळद.

यूट्यूबवर बघून बाटल्या रंगवणं, मेणबत्त्या ओतणं यातलं काही करू नकोस. रंग, ब्रश, मेण, साचे आणता आणता हजार रुपये जातात आणि वस्तू शेवटी माळ्यावर. जाऊबाईंना त्यांचे बॉक्स वाटू देत, त्यांना पण एक भडंगाची पिशवी दे, बॉक्समधले काजू तिथंच बसून संपतात आणि गाडीत खायला काय न्यायचं तर भडंगच.

आणि बाटल्यांचं पहिल्याच दिवशी सांगून ठेव, रिकाम्या झाल्या की परत आणायच्या. माझ्या 4 बरण्या गेल्या संक्रांतीपासून पुण्यात आहेत.